खाऱ्या पाण्यातलं कोडं

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका वहिनींच्या शेताचा बांध खाडीच्या भरतीने फुटला. लावलेलं भात करपून गेलं, पण पलीकडची खारफुटी टवटवीतच. एकाच पाण्यात एक झाड मरतं आणि दुसरं जगतं ते कसं, असं वहिनींनी मला विचारलं. मी आर्ट्सची पदवीधर, मला कुठलं उत्तर येणार! पण याच कोड्यामागे लागलेला आपल्या मातीतला एक माणूस मात्र आठवला.

शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवणचा. तेव्हा मालवण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना ते सह्याद्रीत रानोमाळ हिंडत. समुद्रात दिसणारा जेलीफिश त्यांना तिथे चक्क नदीच्या गोड्या पाण्यात सापडला!

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक नेमलं आणि १९१४ साली जादा शिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं. पोचले नाहीत तोच पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिशांची प्रजा म्हणून ते शत्रूच्या देशात अडकले, काही काळ स्थानबद्धही होते. दुसरा कोणी खचला असता. यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट पुरी केली. विषय कोणता? वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतली झाडं मूळची कुठली आणि ती पसरतात कशी!

परत येऊन १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यात शिकवलं. निवृत्तीनंतर आरामखुर्ची धरण्याऐवजी पुण्यात विज्ञानवर्धिनी ही संशोधन संस्था उभी केली. १९६० साली ते गेले. १९९२ पासून ती संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे गव्हाच्या, सोयाबीनच्या नव्या जाती तयार होतात.

त्यांच्या काळात झाडाच्या पोटातलं गुपित, म्हणजे जनुकं, उघडायची साधनंच नव्हती. २००५ साली बंगालच्या ‘नोना बोकरा’ या जुन्या भातातल्या एका जनुकाचं काम कळलं. मुळांतून वर चढणारं मीठ ते वाटेतच काढून घेतं, पानांपर्यंत फारसं जाऊ देत नाही. म्हणजे आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं गावठी बियाणं हा केवढा ठेवा! ते एकदा संपलं, की त्यातला गुणही गेला.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या केंद्राने खार जमिनीसाठी भाताच्या जाती काढल्या आहेत, त्यांचं बी मिळवायच्या खटपटीत आम्ही आहोत. अर्थात बी कितीही चिवट असलं तरी त्यालाही मर्यादा आहे, बांध आधी बांधायलाच हवा. आणि तुमच्या घरी कणगीत एखादं जुनं खाऱ्या शेतातलं भात असेल, तर बायांनो, ते सगळं कांडून टाकू नका. मूठभर तरी बियाण्याला ठेवा.