होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, इ.स. १९०९ – २४ जानेवारी, इ.स. १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आणि उपनगरातील ट्रॉम्बे (तुर्भे) येथील अणुऊर्जा केंद्राचे ते संस्थापक होत. भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांची शास्त्रज्ञ म्हणून कीर्ती झाली ती त्याआधी, विद्युत प्रभार असलेल्या सूक्ष्म कणांवरील सैद्धांतिक कार्यामुळे.

बालपण व शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा वकील होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरची अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवल्यास पुढे गणित शिकण्याचा खर्च करू, असे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये भाभांनी तो वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळवला. केंब्रिजला पॉल डिरॅक हे त्यांच्या अध्यापकांपैकी एक होते.

मिटणाऱ्या सुवर्णपत्रांचे कोडे

भाभांनी निवडलेला विषय समजण्यासाठी शाळेतल्या सुवर्णपत्र विद्युतदर्शीपासून सुरुवात करावी लागते. काचेच्या बरणीत टांगलेल्या दोन सुवर्णपत्रांना एकाच प्रकारचा प्रभार दिला की ती एकमेकांपासून दूर जातात, कारण सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण असते. वरच्या धातूच्या चकतीला बोट लावले की प्रभार शरीरावाटे जमिनीत जातो आणि पत्रे मिटतात. धातूतील काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात. ते धातूभर फिरू शकतात, म्हणून धातू सुवाहक ठरतो. काच, लाख, रबर यांतील इलेक्ट्रॉन आपापल्या जागी जखडलेले असतात, म्हणून हे पदार्थ विसंवाहक होत. हवाही विसंवाहकच.

असे असूनही, कोणी हात लावला नाही तरी विद्युतदर्शीची पत्रे हळूहळू मिटतात. मुंबईच्या पावसाळ्यात हा प्रयोग वर्गात हमखास फसतो, पण तेथे दोष काचेवर व लाखेवर बसलेल्या ओलाव्याचा असतो. उपकरण पूर्ण कोरडे व बंद ठेवले तरी थोडी गळती उरतेच. याचा अर्थ असा, की हवेतील काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटत असतात, आयन तयार होतात आणि त्यांच्यामुळे हवा किंचित वाहक बनते. हे इलेक्ट्रॉन सोडवते कोण? जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्ये, हे पहिले उत्तर होते. ते खरे असते तर उंच गेल्यावर गळती कमी व्हायला हवी. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर गेले, तेव्हा ती वाढलेली आढळली. किरण वरून, पृथ्वीबाहेरून येत होते. हेच विश्वकिरण.

भाभांचे संशोधन

१९३२ मध्ये या किरणांच्या अभ्यासातूनच पॉझिट्रॉन सापडला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच आणि प्रभारही तेवढाच, पण धन. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल, याचे गणित भाभांनी १९३५ च्या सुमारास मांडले. दोन कण एकमेकांना केवळ बाजूला सारतील असे नाही. ते परस्परांना नष्ट करून पुन्हा नव्याने निर्माणही होऊ शकतात, आणि ही दुसरी शक्यता हिशेबात धरावीच लागते, असे त्यांनी दाखवले. या आघाताला आज भाभा विकिरण म्हणतात.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना मंदावतो आणि फोटॉन बाहेर टाकतो. त्या फोटॉनपासून एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन जन्मतो. ते दोघे पुन्हा फोटॉन टाकतात. अशा रीतीने एका कणापासून कणांचा झोत तयार होतो. फोटॉनवर प्रभार नसतो आणि त्यातून निघालेल्या जोडीतील ऋण व धन प्रभारांची बेरीजही शून्यच येते. कण कितीही वाढले तरी एकूण प्रभार बदलत नाही. प्रभाराच्या अक्षय्यतेचे एवढे स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिलेले आढळते.

भारतात परतल्यावर

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले असता दुसरे महायुद्ध पेटले आणि केंब्रिजला परतणे राहून गेले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन प्रमुख असलेल्या भौतिकी विभागात, त्यांनी विश्वकिरण संशोधन सुरू केले. प्रभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात. हे वळणे चुंबकीय विषुववृत्ताजवळ सर्वांत तीव्र असते. म्हणूनच या अभ्यासासाठी दक्षिण भारत सोयीचा होता. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर परदेशातील अध्यापकपद स्वीकारणे त्यांना सहज शक्य होते. त्याआधीच, मार्च १९४४ मध्ये, त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून भारतातच मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याचा प्रस्ताव ठेवला. ती १९४५ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. कुलाब्याच्या तिच्या वास्तूचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले. या निर्णयाची किंमतही होती: भाभांचे स्वतःचे संशोधन पुढे जवळजवळ थांबले.

ट्रॉम्बे

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगाचे भाभा अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे, ठाणे खाडीकाठच्या ट्रॉम्बे टेकडीच्या पायथ्याशी अणुऊर्जा केंद्राची उभारणी सुरू झाली. (खाडीपलीकडील नवी मुंबईतले तुर्भे वेगळे.) तेथील अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते, पण बांधणी भारतीय अभियंत्यांची होती. अणुभट्टीवर नजर ठेवणारे आयन-कक्ष वायूतील वहनावरच चालतात. विद्युतदर्शीची पत्रे मिटवणारी क्रिया येथे मोजमापाचे साधन बनली.

अणुऊर्जेचा हा मार्ग सर्वांना मान्य नव्हता. टाटा संस्थेतीलच गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी सौरऊर्जेचा जाहीर पुरस्कार केला. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी असलेला संबंध संपला. भाभांच्या चरित्रांत या मतभेदाला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी. भाभांचे सर्व अंदाज खरेही ठरले नाहीत. १९५५ च्या जिनीव्हा परिषदेत अध्यक्ष या नात्याने त्यांनी दोन दशकांत अणुसंमीलन ऊर्जा नियंत्रणात येण्याचा मार्ग सापडेल असे भाकीत केले होते. ते फोल ठरले.

भाभा अविवाहित होते. चित्रकला व पाश्चात्त्य संगीत यांची त्यांना जाण होती. बांधकामाच्या आड येणारी झाडे तोडण्याऐवजी ते मुळासकट हलवून दुसरीकडे लावून घेत.

मृत्यू व स्मृती

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान माँ ब्लां पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भाभा होते. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. शालेय विज्ञानशिक्षणासाठी टाटा संस्थेने स्थापन केलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तेथून जवळच, मानखुर्दला आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या त्वरकांमध्ये किती टकरी होत आहेत हे मोजण्यासाठी आजही भाभा विकिरणाचाच आधार घेतला जातो.