लोणावळ्याचे शास्त्रज्ञ-योगी : स्वामी कुवलयानंद

मुंबईहून निघालेली आगगाडी बोरघाटाचे बोगदे मागें टाकून लोणावळ्याच्या स्थानकांत शिरली म्हणजे मावळच्या थंड वाऱ्याची झुळूक प्रवाशाच्या अंगास लागते. कोणी येथें पावसाळ्यांतील धबधबे पाहण्यास उतरतात, तर कोणी कार्ले व भाजे येथील लेण्यांकडे वळतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं हीं स्थळें पाहिलीं असतील. परंतु याच गांवीं राहून एका पुरुषानें सुमारें चाळीस वर्षें माणसाच्या श्वासाचा, स्नायूंचा व मज्जासंस्थेचा यंत्रांच्या साहाय्यानें अभ्यास चालविला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. त्या पुरुषाचें नांव स्वामी कुवलयानंद. त्यांचें अल्प चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एका योग्याचें चरित्र मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनांत येईल. आमचें उत्तर इतकेंच कीं, स्वामींच्या चरित्रांत जो गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, तो कोणत्याही एका पंथाचा नाहीं. आपणांस जें प्राणाहून प्रिय आहे, तेंच कसोटीच्या दगडावर घासून पाहण्याचें धैर्य, हा तो गुण होय.

स्वामींचें पूर्वाश्रमीचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं गुजराथेंतील डभोई येथें एका मराठी कुटुंबांत झाला. घरची परिस्थिति बेताची असल्यामुळें शिक्षण कष्टानेंच करावें लागलें. तरी १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें बडोद्याच्या महाविद्यालयांतून ते १९१० सालीं पदवीधर झाले. त्याच काळांत जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखालीं त्यांनीं भारतीय व्यायामपद्धतीचें शिक्षण घेतलें. देशसेवेसाठीं आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चयही त्यांनीं तारुण्यांतच केला व तो शेवटपर्यंत पाळला.

शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशांत अमळनेर येथें शिक्षणकार्य करूं लागले व कालांतरानें तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १९१९ सालीं नर्मदेच्या कांठीं मालसर येथें राहणारे बंगाली योगी परमहंस माधवदासजी यांची व त्यांची गांठ पडली. व्यायामशाळेंत घडलेला हा तरुण माधवदासजींचा शिष्य झाला व आसनें, बंध आणि प्राणायाम शिकूं लागला.

येथेंच त्यांच्या जीवनास वळण लागलें. योगाभ्यासाचे कांहीं परिणाम त्यांस स्वतःच्या देहांत जाणवत होते. परंतु जाणवणें निराळें व सिद्ध होणें निराळें, हें त्यांच्या तर्कनिष्ठ बुद्धीनें ओळखलें. त्या वेळीं योगाविषयीं समाजांत दोन तट होते. एक तट प्रत्येक चमत्काराच्या कथेवर डोळे मिटून विश्वास ठेवी, तर दुसरा साऱ्यालाच थोतांड म्हणून हसे. दोन्ही तटांनीं तपासून पाहण्याचे श्रम मात्र घेतले नव्हते. गुण्यांनीं ते श्रम घेण्याचें ठरविलें. १९२० ते १९२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत आपल्या कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन त्यांनीं उड्डियान बंध व नौलि या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्यानें प्रयोग केले.

या संशोधनाचा एक नमुना येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नौलि करणारा साधक पाण्यांत बसून पोटाच्या स्नायूंच्या बळानें आंतड्यांत पाणी ओढून घेऊं शकतो, असें योगी सांगत आले होते. पाणी वर कसें चढतें? गुण्यांनीं मोठ्या आंतड्यांतील हवेचा दाब पाऱ्याच्या दाबमापकानें मोजला. नौलि चालूं असतां तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असें आढळून आलें. अर्थात् पिचकारीचा दट्ट्या मागें ओढला असतां जसें पाणी आंत येतें, तसेंच हेंही घडत होतें. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें. गूढ म्हणून गाजलेली गोष्ट अशा रीतीनें पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांत बसली.

१९२३ सालीं अमळनेरचें राष्ट्रीय महाविद्यालय सरकारी अवकृपेमुळें बंद पडलें. चाळिशीच्या उंबरठ्यावर हातचें कार्य गेलें. दुसरा एखादा खचून गेला असता. परंतु त्यांनीं त्या आपत्तीचीच संधि केली. १९२४ सालच्या विजयादशमीस लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ नांवाचें त्रैमासिक सुरू केलें. त्रैमासिकाचा एक भाग प्रयोगशाळेंतील निष्कर्षांस दिलेला असे, तर दुसऱ्या भागांत सामान्य वाचकास समजेल असें विवेचन असे.

त्या काळीं युरोपांत मेंदू व मज्जातंतु यांचें शास्त्र झपाट्यानें पुढें जात होतें. रशियांत पावलॉव्ह कुत्र्यांच्या लाळेवरून प्राण्यांच्या संवयींचा अभ्यास करीत होते. ऑस्ट्रियांतील ग्राझ शहरीं ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं एका बेडकाचें हृदय ज्या द्रवांत मंद केलें, तोच द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घालून तेंही मंद झाल्याचें दाखविलें. मज्जातंतु आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या द्वारें पोंचवितात, हें त्यावरून कळलें. इंग्लंडांत हॉल्डेन व प्रीस्टली यांनीं त्यापूर्वींच, १९०५ सालीं, श्वासाचें नियमन मुख्यत्वें रक्तांतील कर्बाम्ल वायूच्या प्रमाणावरून होतें, असें सिद्ध केलें होतें. हा वायु वाढला कीं मेंदूच्या देठांतील श्वसनकेंद्र चाळवतें व माणसास श्वास घेणें भाग पडतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं पाण्यांत बुडी मारून क्षणभर श्वास रोखला असेल, तर त्या केंद्राचा हुकूम त्यांनींही अनुभविला आहे!

बेडकाचें हृदय किंवा कुत्र्याची लाळ प्रयोगशाळेंत तपासतां येते. पण मोजून श्वास घे, इतका वेळ रोख व सावकाश सोड, असें मुक्या प्राण्यास कोण सांगणार? म्हणून लोणावळ्याच्या प्रयोगांत जनावरांच्या जागीं साधकच बसत.

स्वामींच्या सत्यनिष्ठेची खरी परीक्षा प्राणायामाच्या बाबतींत झाली. प्राणायामानें शरीरास विपुल प्राणवायु मिळतो व म्हणूनच तो हितकर आहे, असें पुष्कळ लोक मानीत, व आजही मानतात. योगाचा प्रचार करूं इच्छिणाऱ्यास याहून सोयीचें मत कोणतें? परंतु मापन करतां निराळेंच दिसलें. दीर्घ श्वासांत हवा अधिक येते हें खरें. पण साधारण माणूस मिनिटास चौदा ते अठरा वेळां श्वास घेतो, तर प्राणायाम करणाराचे श्वास फार थोडे होतात. एकंदर हिशेबांत प्राणवायूचा लाभ वाढत नाहीं, असा निष्कर्ष निघाला. स्वामींनीं तो दडपला नाहीं. प्राणायामाचें महत्त्व प्राणवायूच्या सांठ्यांत नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधिलें पाहिजे, असें त्यांनीं उघडपणें मांडलें.

१९३१ च्या सुमारास अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे एक विद्यार्थी, कोवूर बेहनन, लोणावळ्यास येऊन स्वामींपाशीं योग शिकले. ते केरळांतील एका ख्रिस्ती कुटुंबांतील होते. परत गेल्यावर त्यांनीं स्वतःच्याच देहावर प्रयोग केले व त्यांविषयींचा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. उज्जायी प्राणायामांत प्राणवायूचा खर्च जवळजवळ पाव हिश्शानें वाढतो, असें त्यांस आढळलें. तसेंच प्राणायामानंतर लगेच बेरजा करणें, रंगांचीं नांवें सांगणें अशा कामांत मन मंदावतें, हेंही त्यांनीं नमूद केलें. गुरूच्या व शिष्याच्या मापनांत अंतर पडलें, यांत विषाद मानण्यासारखें कांहीं नाहीं. प्राणायामाचा प्रकार किंवा मापनाची रीत बदलली कीं आंकडेही बदलतात. आणि असे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवूनच शास्त्र पुढें सरकतें.

स्वामींचें कार्य प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडलेलें नव्हतें. योगाचा उपयोग रुग्णांस व्हावा, ही त्यांची तळमळ होती. १९२७ सालीं महात्मा गांधी आजारी असतां त्यांनीं आपल्या प्रकृतीविषयीं स्वामींचा सल्ला घेतला होता. १९३२ सालीं मुंबईंत संस्थेचें केंद्र निघालें. तें पुढें मरीन ड्राइव्हवर नेण्यांत आलें. शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या कामांतही मुंबई सरकारनें त्यांचें साहाय्य घेतलें. आसनें व प्राणायाम यांवरील त्यांचे ग्रंथ दूरवर वाचले गेले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यास योगाचें महाविद्यालयही सुरू झालें. अशा रीतीनें अखेरपर्यंत कार्यमग्न राहून १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्या प्रयोगांचीं साधनें आजच्या मानानें साधीं होतीं. बसणारे साधक मोजके असत. त्यामुळें त्यांचे सर्वच निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारले जातील असें नाहीं. परंतु प्रश्न विचारण्याची त्यांची रीत टिकली. बंद खड्ड्यांत दीर्घकाळ राहण्याच्या योग्यांच्या कथा प्रसिद्धच आहेत. कैवल्यधामांतील संशोधकांनीं हवाबंद खड्ड्यांत माणसें बसवून आंतील प्राणवायु व कर्बाम्ल वायु मोजले आणि आपले निष्कर्ष १९६८ सालीं प्रसिद्ध केले. कथेवर विसंबण्यापेक्षां खड्ड्यांतील हवा मोजावी, हा स्वामींचाच वारसा होय.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत गणिताचें उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं म्हणजे मधल्या पायऱ्या खोडून उत्तर जुळवून घेण्याचा मोह तुम्हांस केव्हां ना केव्हां झाला असेल. स्वामींपुढेंही असेंच एक न जुळणारें उत्तर आलें होतें, आणि त्यावर त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याची लोकप्रियता अवलंबून होती. त्यांनीं पायऱ्या खोडल्या नाहींत. श्रद्धा खरी असेल तर तिला तराजूचें भय नसतें, हें त्यांच्या चरित्रांतून आम्ही शिकलों. पुढच्या वेळीं लोणावळ्यास गेलांत, तर धबधब्यांबरोबर या मोजून पाहणाऱ्या योग्याचेंही स्मरण करा.