पलुसकरांची शाळा का सुटली?

मुलाच्या प्रगतीपुस्तकात वाचनाचे गुण कमी आले, की घरात कुणीतरी विष्णु दिगंबर पलुसकरांचे उदाहरण देते. पलुसकरांची शाळा लहानपणीच सुटली, ते गाण्याकडे वळले आणि केवढे मोठे झाले! मग आपल्या मुलालाही तबल्याच्या नाहीतर क्रिकेटच्या क्लासला घालावे, पुस्तकाच्या मागे लागू नये, असे ठरते. उदाहरण खरे आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र अर्धवट आहे, कारण पलुसकरांची शाळा कशाने सुटली हे त्यात कुणी विचारत नाही.

घराणे मूळचे गाडगीळांचे. सांगली जिल्ह्यातल्या पलूस गावावरून त्यांना पलुसकर म्हणू लागले. विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. पंचगंगा आणि कृष्णेच्या संगमाजवळचे हे पटवर्धनांचे छोटे संस्थान, शेजारीच नरसोबाची वाडी. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे पोराच्या कानावर अभंग आणि पदे पाळण्यापासूनच पडत होती. तरी गाणे हा काही त्याचा ठरलेला मार्ग नव्हता. चार मुलांसारखा तोही शाळेत जात होता.

मग एका उत्सवात फटाका तोंडासमोर फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात उपचाराची सोय नव्हती. डोळ्यांना पुस्तकातले अक्षर झेपेना आणि शाळा थांबली.

दारूच्या स्फोटाने डोळ्याचे नेमके काय होते? बाहेरचा पारदर्शक पडदा भाजतो. ती जखम भरताना तिथे पांढरा डाग राहतो, त्याला आपल्याकडे फूल पडणे म्हणतात. आतल्या भिंगाला धक्का बसला, तर मोतीबिंदू लहान वयातही होतो. डोळ्याच्या आत रक्त साचू शकते, मागचा पडदा सुटू शकतो. फूल अगदी मध्यभागी पडले, तर मुलाला माणूस ओळखता येतो, रस्ता कळतो, पण बारीक छापील ओळ धूसर दिसते. असे मूल घरात नीट वावरते. म्हणूनच पुस्तक समोर आल्यावर ते कुरकुर करू लागले, की मोठ्यांना तो आळस वाटतो.

(दिवाळी आणि जत्रांच्या दिवसांत आजही असे डोळे रुग्णालयात येतात. फटाका डोळ्याजवळ फुटला तर डोळा चोळू नये. दारूची भुकटी गेली असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा. डोळा फाटल्याची किंवा आत काही घुसल्याची शंका असेल, तर मात्र धुऊ नये, दाबू नये, घरातले कोणतेही थेंब टाकू नयेत. डोळ्याला टेकणार नाही अशा बेताने वरून कागदी पेला धरावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुधाचे नाहीतर मधाचे थेंब घालणारी माणसे अजून भेटतात, त्यांचे ऐकू नये.)

दिगंबरबुवांनी मुलाला मिरजेला आणले. तिथे भडभडे नावाच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले. मिरजेचे नाव पुढे ज्यामुळे देशभर झाले, ते डॉ. वानलेसांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभे राहिले. विष्णूच्या डोळ्यांना त्याचा उपयोग व्हायचा नव्हता. बुबुळावरच्या फुलावर आज नेत्ररोपण करता येते, त्या काळी हिंदुस्थानात कुणालाच ते शक्य नव्हते.

भडभडे डॉक्टरांचा मोठेपणा त्या उपचारांपेक्षा नंतरच्या सल्ल्यात आहे. डोळे पुरेसे सुधारत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी हात झटकले नाहीत. या मुलाला काय करता येईल, याचा त्यांनी विचार केला. आवाज चांगला होता, कान तयार होता, घरात कीर्तन होते. त्यांनी गाणे सुचवले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि विष्णू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हेच ते बुवा.

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मूल डॉक्टरकडे गेले. अडचण डोळ्यांत आहे हे समजले. जमेल तेवढा उपचार झाला. तो पुरा पडत नाही असे दिसल्यावर वेगळी वाट धरली. मूल मठ्ठ आहे असे त्यात कुठेही ठरवलेले नाही. आपण पुष्कळदा शेवटची पायरी पहिली घेतो. पहिली-दुसरीतले मूल वाचताना अडखळते, आपण त्याच्यावर आधी चिडतो, मग शिकवणी लावतो आणि शेवटी हे काही पुस्तकातले पोर नाही असे म्हणून मोकळे होतो. त्याचा चष्म्याचा नंबर तपासायचाच राहून जातो.

डोळ्यांची तक्रार लहान मूल सहसा आपणहून सांगत नाही. जग असेच अंधूक दिसते, अशीच त्याची समजूत असते. पुस्तक नाकाशी धरणे, वाचताना ओळ हरवणे, एक डोळा मिटणे, मान तिरकी करणे, फळ्यावरचे उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणे, संध्याकाळी डोके दुखणे, या खुणा शिक्षकांना आईवडिलांआधी दिसतात. एकाच डोळ्याचा नंबर जास्त असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र हळूहळू वापरेनासा होतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टीचा उपचार सुरू झाला तर तो बहुधा चांगला सुधारतो, नंतर सुधारणेची आशा कमी होत जाते. म्हणजे पुढच्या वर्षी बघू, ही सवलत इथे नाही.

डोळ्यांनंतर कान. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठले, तर मुलाला थोडे कमी ऐकू येते. मग ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक कानालाच कळत नाही, तो कागदावर कसा कळणार? रक्त कमी असलेले, सकाळी उपाशीपोटी शाळेत येणारे, रात्री घोरणारे आणि वर्गात पेंगणारे मूलही वाचनात मागे पडते. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा वेगळी असलेल्या मुलाला नुसता वेळ जास्त लागतो, तो आजार नाही.

हे सगळे तपासून झाल्यावर, दृष्टी आणि श्रवण उत्तम असताना, बाकी हुशारी दिसत असताना आणि नीट शिकवूनही अक्षर व उच्चार यांची सांगड बसत नसेल, तर वाचनाच्या विशिष्ट अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा, विचार करावा लागतो. त्यावर गोळी नाही. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी पायरीपायरीने, पुन्हापुन्हा, न ओरडता पक्की करणारे शिकवणे हाच उपाय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि दाखला असल्यास दहावी-बारावीला जादा वेळासारख्या सवलती मिळतात. पक्के निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होते, पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहावी लागत नाही.

पहिल्या तपासणीसाठी खर्चही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाड्यांत दोनदा येतात. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर होते, हे कारण फार वेळा ऐकू येते. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवता येते.

विष्णू मिरजेत अनेक वर्षे शिकला. त्या काळचे गाण्याचे शिक्षण म्हणजे गुरूच्या घरी राहणे, सेवा करणे, ऐकणे आणि घोटणे. कागदावर काही नसे. अधू डोळ्यांच्या मुलाला ही पद्धत मानवणारीच होती. पण तिचा एक दोषही होता. जे कानाला चटकन पकडता येईल ते आपले, बाकी गुरूच्या मर्जीवर. हळू शिकणाऱ्यासाठी तीत जागा नव्हती.

१८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. औंधला आणि साताऱ्यात त्यांचे गाणे झाले. तिथून बडोदा, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करत ते पंजाबात पोचले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे तिकीट लावून सर्वांपुढे आणण्याचा त्यांचा प्रयत्न याच प्रवासातला. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या आश्रयाशिवाय, लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा! १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली.

शाळेच्या पुस्तकांपासून ज्याला दूर व्हावे लागले, त्याने मग गाण्याची पुस्तके काढली, हा या चरित्रातला सर्वांत विलक्षण भाग आहे. पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी बनवली. प्रत्येक स्वराला तो किती मात्रा धरायचा याची खूण दिली. ‘संगीत बालप्रकाश’ सारखी लहानांसाठीची पुस्तके तयार झाली, पुढे रागांची पुस्तके आली आणि सगळी मिळून संख्या पन्नासच्या वर गेली. छापण्यासाठी त्यांनी छापखानाही घातला. अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा सगळे आले. प्रत्येक विद्यार्थी मोठा गवई होणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, चांगला ऐकणारा तयार झाला तरी त्यांना ते यशच वाटे. म्हणून सोपे आधी आणि अवघड नंतर, अशी पायऱ्यांची मांडणी त्यांनी केली. त्यांच्या खुणा पुष्कळांना किचकट वाटतात आणि भातखंड्यांची लिपी अधिक सुटसुटीत आहे हे मान्य करावे लागते. पण गाणे लिहून, वाचून, वर्गात बसून शिकता येईल, हा आग्रह त्यांनी आचरणात आणला. वाचनाची जागा गाण्याने भरून काढता येते, असे मानणाऱ्या माणसाचे हे काम वाटत नाही.

त्यांचे शिष्य देशभर पसरले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, तसेच मिरजेचेच विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर. मुंबईतल्या इमारतीच्या कर्जाने मात्र संस्था बुडाली आणि वास्तू लिलावात गेली. उरलेली वर्षे त्यांनी मुख्यतः नाशिकला रामनामाच्या आश्रमात काढली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत, जिथे त्यांना डोळ्यांच्या उपचारासाठी आणले होते त्याच गावात, त्यांचे निधन झाले. बारा अपत्यांपैकी एकटा दत्तात्रेय जगला होता. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, वडिलांकडून फारसे शिकणे झाले नव्हते. त्याला पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवले. डी. व्ही. पलुसकर म्हणून आपण ज्यांची भजने ऐकतो, ते हेच.