इकडे मुक्त, तिकडे गुलाम

समजा, तुमचा जन्मदाखला नाशिकचा आहे आणि बेंगळुरूच्या ऑफिसात कोणी म्हणालं, हा इथे चालत नाही. तसं होत नाही, कारण आपल्या राज्यघटनेच्या कलम २६१ नुसार एका राज्याच्या सरकारी नोंदी आणि कोर्टाचे निकाल देशभर ग्राह्य धरले जातात. अमेरिकेच्या घटनेतही असं कलम पहिल्यापासून आहे. तरीही ड्रेड स्कॉटचं काय झालं, ते वाचा.

ड्रेडचा जन्म १७९९ च्या आसपासचा, व्हर्जिनियातला, गुलाम म्हणूनच. पुढे मालकासोबत तो मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला आला. तिथे जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरनं त्याला विकत घेतलं. डॉक्टरची बदली झाली की ड्रेडही सोबत. १८३३ मध्ये इलिनॉय, मग १८३६ मध्ये उत्तरेला फोर्ट स्नेलिंग. दोन्हीकडे गुलामगिरीला कायद्यानं बंदी होती! स्नेलिंगलाच त्याचं हॅरिएटशी लग्न झालं. पण तिथे असताना तो कोर्टाची पायरी चढला नाही. त्यामुळे हातात निकालाचा कागद नव्हता, नुसता कायदा होता, तोही परक्या ठिकाणचा.

परत सेंट लुईसला आल्यावर १८४६ मध्ये दोघांनी इमर्सनच्या विधवेवर दावा ठोकला. हा काही वेडेपणा नव्हता. मालकानं मुक्त राज्यात राहायला नेलेला गुलाम परत आला तरी मोकळाच, असे निकाल मिझुरीच्याच कोर्टांनी आधी दिले होते. पहिल्या फेरीत साक्षीतल्या त्रुटीमुळे ते हरले. खटला चालू असताना शेरीफ त्यांना भाड्यानं कामाला देत होता, आणि मजुरी कोर्टाकडे अडकलेली. १८५० मध्ये ज्युरीनं त्यांना मुक्त ठरवलं, पण १८५२ मध्ये मिझुरीच्या सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं सगळं फिरवलं. काळ बदललाय, दुसऱ्या राज्याचे कायदे पाळायला आम्ही बांधील नाही, असा एकूण सूर. खरी मेख इथे होती. दुसऱ्या राज्याच्या निकालाला मान देणं बंधनकारक, पण त्याचा कायदा मानायचा की नाही, हे सौजन्यावर सोडलेलं. मला स्वतःला पुढच्या गाजलेल्या निकालापेक्षा हाच जास्त खटकतो, कारण या कोर्टाला आपलीच जुनी वाट माहीत होती.

१८५७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तर कहर केला. आफ्रिकी वंशाचे लोक देशाचे नागरिकच होऊ शकत नाहीत, म्हणून ड्रेडला फेडरल कोर्टात दावा करण्याचा हक्कच नाही, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. हे पुसायला यादवी युद्ध आणि १८६८ ची घटनादुरुस्ती लागली.

ड्रेडनं त्यातलं काहीच पाहिलं नाही. निकालानंतर तिसऱ्याच महिन्यात त्याच्या पहिल्या मालकाच्या मुलानं ताबा मिळवून कुटुंबाला मुक्त केलं. मग ड्रेडनं सेंट लुईसच्या एका हॉटेलात हमालाचं काम धरलं. सप्टेंबर १८५८ मध्ये क्षयानं गेला. स्वातंत्र्याचे जेमतेम सोळा महिने. सेंट लुईसमधल्या त्याच्या कबरीवर आजही लोक लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं ठेवून जातात.