पेशींच्या ऊर्जेचे संशोधक डॉ. सुब्बाराव
डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. तरुणपणी स्प्रू या रोगाने त्यांच्या भावाचा बळी घेतला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन व १९२९ मध्ये एटीपी या ऊर्जावाहक रेणूंवर मूलभूत संशोधन केले. मेंदूचे कार्यही याच रेणूंवर चालते. ऊर्जापुरवठा खंडित झाल्यास मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. हार्वर्डमध्ये कायमस्वरूपी पद न मिळाल्याने ते १९४० मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले फॉलिक आम्ल स्प्रूवर गुणकारी ठरले. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील अनेक जन्मजात दोष टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. सुब्बाराव यांचे मात्र १९४८ मध्येच निधन झाले होते.