सतरा आकडी संख्या आणि देवळालीचे कापरेकर सर

वही काढा आणि १११११११११ ला १११११११११ नेच गुणा. मोबाइल नको, काही कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे गिळतात. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं! दहा एकं घेतली की मात्र मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि सगळी शिस्त मोडते.

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. रावेतहून आकुर्डीला येऊन लोकलची वाट बघणाऱ्यांना हे आवडेल: कल्पना सुचली रेल्वे स्टेशनवर, म्हणून नावही स्टेशनचंच. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली.

१७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्म. आठव्या वर्षी आई गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलं, १९२९ मध्ये पदवी. पुढची डिग्री नाहीच. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते.

ही डिग्री नसणंच त्यांना नडलं. संख्यांशी खेळणारा हौशी मास्तर, म्हणून इथल्या अनेक गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. बरंचसं काम छोट्या नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत आलं. खेळ तर होताच, पण पोकळ नव्हता. वरचीच संख्या घ्या. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. कारण १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. वर्ग केला की नऊ दोनदा येतो. भागाकार काय, तर १२३४५६७९ चा वर्ग. (यात आठ कुठे गेला, ते शोधा.) स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना सरांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. असं नाव ठेवायला मास्तरच हवा!

६१७४ तर तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता. हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं.

१९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शनवर भागेना, म्हणून सर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. सर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.