कैवल्यधामाचे स्वामी कुवलयानंद

पावसाळी सहलीला लोणावळ्यास जाणाऱ्यांना भुशी धरण आणि चिक्की चांगलीच परिचयाची असते. त्याच गावातील कैवल्यधामाकडे मात्र थोड्यांचीच पावले वळतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तेथे योगाला प्रयोगशाळेची भाषा दिली.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतील डभोईचा. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले, तर नर्मदाकाठच्या माळसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगदीक्षा लाभली. अमळनेरला ते राष्ट्रीय वृत्तीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते महाविद्यालय पुढे बंद पडले आणि राष्ट्रकार्याची त्यांची ओढ योगाकडे वळली.

त्या काळी इंग्रजी शिकलेला वर्ग योगाला बैराग्यांचे खेळ समजे, तर भाविकांना त्यात केवळ चमत्कार दिसत. एकाला पटेल ते दुसऱ्याला रुचणार नाही, असा हा पेच होता. स्वामीजींनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौलीचे क्ष-किरण परीक्षण केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणूनच बस्तीत पाणी आपोआप वर चढते, हे त्यांनी पुढे दाबमापकाने दाखविले. त्या निर्वाताला त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूंचे. प्रयोगशाळेतही गुरुऋण विसरले नाही, हे विशेष.

आश्रमाबरोबरच ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. शास्त्रज्ञांसाठी प्रयोगांचे तपशील, जाणत्या वाचकांसाठी विवेचन आणि सामान्यांसाठी आसनांचे सचित्र मार्गदर्शन अशी त्यात विभागणी असे. प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलायचे, पण वस्तुस्थिती मात्र बदलायची नाही, असा तो रिवाज होता. त्याची कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत प्रचाराला किती सोयीची! पण मोजमाप तसे सांगेना. स्वामीजींनी ते छापले आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, मुख्यतः मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या चालकाला हे सोपे नव्हते.

तरीही माणसे येत राहिली. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन लोणावळ्यास राहून शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर ग्रंथ लिहिला. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ आरोग्यकेंद्र निघाले. पुढे लोणावळ्यात गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाने योग महाविद्यालयही उभे राहिले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ आजही निघते.